न फिरणाऱ्या फ्लॉपीची गोष्ट

एक काळ असा होता, की संगणकाच्या क्लासला जाणाऱ्या मुलामुलींच्या दप्तरात वहीबरोबर फ्लॉपीही असे. चपटी, चौकोनी, वर पांढरी चिठ्ठी आणि चिठ्ठीवर बॉलपेनने लिहिलेले नाव. ती उन्हात ठेवायची नाही, लोहचुंबकाजवळ न्यायची नाही, आतल्या तबकडीला बोट लावायचे नाही, अशा सूचना मास्तर पहिल्याच दिवशी देत. पुढे सीडी आली, पेन ड्राइव्ह आला आणि फ्लॉपी घरातून कधी गेली ते कुणाला कळलेही नाही. सोनी कंपनीने मार्च २०११ मध्ये जपानमधील फ्लॉपीची विक्री थांबवली. आजच्या मुलांना फ्लॉपी माहीत आहे ती 'सेव्ह'च्या बटणावरचे एक चित्र म्हणून.

अशा वेळी कुणी सांगितले, की अमेरिका-युरोपात काही शहाणीसुरती माणसे रात्री जेवणे आटोपली की टेबलावर भिंग आणि सोल्डरिंगची कांडी घेऊन बसतात आणि चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या संगणकाला फसवण्याचे यंत्र तयार करतात, तर ऐकणाऱ्याला हसू येईल. पण हे खरे आहे. नखाएवढ्या मेमरी कार्डात शेकडो फ्लॉपींचा मजकूर भरायचा आणि म्हाताऱ्या संगणकाला असे भासवायचे, की आत खरीच फ्लॉपी गरगर फिरते आहे. या खटाटोपाला एम्युलेटर म्हणतात. मराठीत सांगायचे तर हे एक सोंग आहे. मात्र सोंग कसे वठवायचे, हे बहुरूप्याइतके कष्टाने शिकावे लागते.

दुभाष्याचे काम

फ्लॉपीवर अक्षरे नसतात. तपकिरी लेपावर चुंबकाच्या बारीक बारीक खुणा असतात, एवढेच. वाचणारे डोके त्या खुणांवरून सरकते आणि दिशा बदलली की विजेचा एक ठोका देते. ठोका आला की एक, न आला की शून्य. या ठोक्यांतून अक्षरे जुळवायची, डोके योग्य रेषेवर न्यायचे, लिहिताना हेच सारे उलट करायचे, हे काम डिस्क कंट्रोलरचे. संगणकाची भाषा वेगळी, तबकडीची भाषा वेगळी आणि कंट्रोलर हा मधला दुभाषी.

जुन्या संगणकांत आज सर्वांत आधी बिघडतात त्या हलणाऱ्या वस्तू. पट्टा सैल होतो, वंगण घट्ट होते, डोक्यावर मळ चढतो. नवा भाग मिळत नाही, कारण तो बनवणारा कारखानाच उरलेला नाही. कंट्रोलरच्या चिपांचेही तेच. तेव्हा हौशी कारागिरापुढे दोन वाटा असतात. तबकडीच्या यंत्राचे सोंग घ्यायचे, किंवा खुद्द दुभाष्याचेच सोंग घ्यायचे. दोन्ही वाटांवर पहिली अट एकच : मूळ दुभाषी कसा बोलत होता ते नीट समजून घ्यायचे.

आठ चिपांचे कार्ड

यातला सर्वांत नावाजलेला दुभाषी जन्मला तो नाताळच्या सुट्टीत. ॲपल-२ हा संगणक १९७७ मध्ये बाजारात आला. प्रोग्रॅम साठवायला साधी कॅसेट वापरावी लागे आणि तिच्यावरून काही वाचायचे म्हणजे बराच वेळ ताटकळत बसणे आले. कंपनीतले ज्येष्ठ भागीदार माइक मार्कुला यांना हा उशीर खुपत होता. त्यांनी फ्लॉपीची मागणी केली. जानेवारी १९७८ मध्ये लास व्हेगासला मोठे प्रदर्शन भरायचे होते. स्टीव्ह वॉझनियाक यांना तिथे जायची हौस होती आणि फ्लॉपी तयार झाली तर जाता येणार होते. त्यांनी आधी कधी फ्लॉपीचे काम केले नव्हते. रँडी विगिंग्टन हा तरुण सहकारी मदतीला घेऊन त्यांनी सुट्टीचे दिवस कामात घालवले.

वॉझनियाक यांनी शुगार्ट कंपनीच्या सव्वापाच इंची यंत्रातील बरेचसे इलेक्ट्रॉनिक भाग अनावश्यक ठरवले. जे काम इतर लोक चिपांकडून करून घेत, ते त्यांनी संगणकाच्या प्रोसेसरकडूनच करून घेतले. कार्डावर अवघ्या आठ चिपा उरल्या. त्यांतल्या एका २५६ बाइटच्या चिपेत 'आता हे घडले तर पुढे ते कर' असा तक्ता कोरलेला होता आणि तोच साऱ्या कारभाराचा मेंदू होता. डोके पहिल्या रेषेवर पोचले की नाही हे सांगणारा भागही त्यांनी काढून टाकला. त्याऐवजी डोके मागे मागे ढकलत राहायचे. अडसरावर आपटले की ते पहिल्या रेषेवर आहेच! ॲपल-२ सुरू करताना येणारा तो प्रसिद्ध खडखडाट म्हणजे या काटकसरीचा आवाज.

त्या प्रदर्शनाची एक गोष्ट वॉझनियाक स्वतःच सांगत आले आहेत. रात्रभर जागून सारे जमले, आता एक नक्कल काढून ठेवू या म्हणून त्यांनी फ्लॉपी उतरवायला घेतली. थकलेल्या हातांनी अदलाबदल झाली आणि कोरी फ्लॉपीच भरलेल्या फ्लॉपीवर उतरली. थोडी झोप काढून त्यांनी सारे पुन्हा लिहून काढले आणि प्रदर्शन वेळेवर झाले. १९७८ च्या मध्यापासून 'डिस्क-२' ग्राहकांच्या हाती पडू लागली. पुढच्याच वर्षी हिशेबाच्या तक्त्यांचा व्हिसिकॅल्क हा प्रोग्रॅम आला आणि दुकानदार, हिशेबनीस असा संगणकाशी कधी संबंध न आलेला वर्ग ॲपल विकत घेऊ लागला. फ्लॉपी नसती तर हे झाले नसते.

वेळेचे सोंग

आपल्याकडे म्हणतात, सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही. एम्युलेटर बनवणाऱ्याला यात एका शब्दाचा बदल करावा लागतो : वेळेचे सोंग आणता येत नाही.

डिस्क-२ ची तबकडी मिनिटाला तीनशे फेरे घेते, म्हणजे सेकंदाला पाच. सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यांतल्या दर चार भागांना एक बिट डोक्याखालून जातो. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे दर बत्तीस भागांना एक बाइट. एका फेऱ्यात सुमारे पन्नास हजार बिट, सव्वासहा हजार बाइट. प्रोसेसर बिचारा त्या बत्तीस भागांत बाइट उचलतो, जागेवर ठेवतो आणि पुढच्यासाठी परत येतो. तबकडी कुणासाठी थांबत नाही, हे त्याला ठाऊक असते. म्हणून 'जरा थांब' असे म्हणण्याची सोयच त्याच्या भाषेत नाही.

उलट आजचे मेमरी कार्ड हे मोठ्या ऑफिसातल्या कारकुनासारखे. एरवी भराभर काम करील, पण मधेच स्वतःची आवराआवर काढील. त्याला पाचशे बारा बाइटचा पूर्ण गठ्ठा लागतो आणि लिहिताना ते कधीकधी पाव सेकंदही अडून बसू शकते. तेवढ्यात खऱ्या तबकडीचा एक फेरा पुरा होऊन दुसरा सुरू झालेला असतो. मग कारागीर मधे एक छोटी चिप बसवतो. संपूर्ण रेषेचा मजकूर ती आपल्या स्मरणात ठेवते, म्हाताऱ्याला त्याच्या तालात वाचून दाखवते, त्याने लिहिलेले मुकाट्याने टिपून घेते आणि डोके दुसऱ्या रेषेकडे निघाले की आधीचे कार्डावर उतरवते. एका बाजूला चार भागांचा ठेका, दुसऱ्या बाजूला लहरी कारकून. दोघांनाही कळू न देता संसार चालवायचा, हे काम सोपे नाही.

विजेचेही रुसवेफुगवे असतात. जुनी यंत्रे पाच व्होल्टवर बोलतात, नव्या चिपा बहुधा तीन पूर्णांक तीन व्होल्टवर. त्यांची थेट गाठ घातली तर नवी चिप जळू शकते. मधे पातळी बदलणारे भाग घालावे लागतात. डिस्क-२ ची वीस टोकांची पट्टी तर भलतीच खट्याळ. तिच्यात बारा व्होल्टही असतात. ती घाईत एक ओळ सरकून बसली, तर बारा व्होल्ट नको तिथे जाऊन यंत्रातली एक चिप क्षणात मरते. या छंदातल्या जुन्या मंडळींचा पहिला धडा म्हणूनच साधा आहे : वीज बंद करा, पट्टी डोळ्यांनी पाहून बसवा, मग पुन्हा एकदा पाहा.

दोषांशी इमान

इथवर प्रश्न कौशल्याचा होता. यापुढचा प्रश्न सचोटीचा आहे.

ऐंशीच्या दशकात खेळ विकणाऱ्या कंपन्यांना चोरट्या नकलांची धास्ती होती. त्यांनी मूळ यंत्राच्या उणिवांचाच कुलुपासारखा उपयोग केला. दोन रेषांच्या मधल्या जागेत मजकूर लिही, ठोक्यांच्या अंतरात किंचित फरक कर, असे अनेक प्रकार. एक प्रकार तर फारच नामी. तबकडीवर काही जागा मुद्दाम कोरी सोडायची. खऱ्या यंत्राला तिथे काहीच ऐकू आले नाही, की ते कान आणखी टवकारते आणि शेवटी नुसत्या खरखरीलाच ठोके समजू लागते. त्यामुळे ती जागा दर वेळी वेगळी वाचली जाते. खेळ ती दोनदा वाचतो. उत्तरे वेगळी आली तर फ्लॉपी अस्सल; सारखी आली तर नक्कल!

म्हणजे एम्युलेटरला नसलेल्या गोष्टीचेही सोंग आणावे लागते. कोऱ्या जागेवर त्याने शहाण्यासारखे शून्य दिले तर तो पकडला जाईल. त्याने तिथे मूळ यंत्राइतकेच गोंधळले पाहिजे. अशा खाचाखोचा जपता याव्यात म्हणून २०१८ मध्ये ॲपल-२ च्या फ्लॉपींसाठी 'वॉझ' नावाचा एक नवा साठवण-प्रकार तयार झाला. त्यात फ्लॉपीवरचा मजकूर तर येतोच, शिवाय तिच्यावरचे ठोके रेषांसकट जसेच्या तसे येतात.

'जुन्या यंत्राची चूक दिसली तर ती दुरुस्त का करू नये?' असे घरातले कुणी विचारते. प्रश्न रास्त आहे. पण जो जुने दस्तऐवज उतरवून घेतो, तो मूळ लेखकाचे शुद्धलेखन परस्पर सुधारत नाही. सुधारले तर ती त्याची स्वतःची प्रत होते, मूळची राहत नाही. या छंदात रमलेल्या माणसाला पदोपदी हा मोह आवरावा लागतो. स्वतःची हुशारी दाखवण्यापेक्षा दुसऱ्याची काटकसर, त्याची घाई, त्याची चूकही आदराने जपायची, ही सवय हाताला लागायला वेळ लागतो. काहीजण तर आपल्या उपकरणात छोटा भोंगा बसवून डोके सरकल्याचा टकटक आवाजही काढतात. जिथे हलणारे काहीच नाही, तिथला तो आवाज ऐकून जुन्या वापरणाऱ्यांना मात्र बरे वाटते.

एका कार्डाची पाच वर्षे

खुद्द कंट्रोलरचे सोंग घेणारांना किती धीर लागतो, याचा नमुना म्हणजे 'यलोस्टोन' हे कार्ड. वॉझनियाक यांचे आठ चिपांचे काम पुढे ॲपलने एकाच चिपेत बसवले. ती चिप १९८४ च्या मॅकिंटॉशमध्येही होती. साडेतीन इंची फ्लॉपीसाठी ॲपल-२ चे जे कार्ड निघाले, त्यातही तीच. आज ती चिप कुठेच बनत नाही. 'बिग मेस ओ वायर्स' या छोट्या हौशी उद्योगाने २०१७ मध्ये ठरवले, की हवी तशी आतली जोडणी बदलता येणाऱ्या आधुनिक चिपेत तिचे वागणे उतरवायचे. कार्ड विक्रीला आले ते २०२२ मध्ये.

एवढा काळ का लागतो? जुन्या आराखड्याची बरोबर नक्कल केली तरी ती वेगळी वागते, म्हणून. आजच्या चिपांचा वेग हाच त्यांचा दोष ठरतो. आठ तारांवरची वीज त्या एकदम आणि इतक्या झटक्यात बदलतात, की जमिनीची तारच क्षणभर हेलकावते आणि शेजारच्या तारेला नसलेला ठोका ऐकू येतो. संथ नदीच्या जुन्या लाकडी पुलावरून शर्यतीचा घोडा दामटावा, तसा प्रकार. शिवाय एका संगणकात चालणारे कार्ड दुसऱ्यात चालेलच असे नाही. बिघाड दर शंभर वेळांत एकदाच होत असेल, तर तो दिसेपर्यंत शंभर वेळा बसून राहावे लागते. पैशाच्या हिशेबाने पाहिले तर असे काम कुणी करणार नाही. ते हौसेनेच होते.

कपाटातला खोका

मग हे सारे कशासाठी? याचे उत्तर एका बाप-लेकाच्या गोष्टीत आहे.

'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा खेळ जॉर्डन मेक्नर या तरुणाने ॲपल-२ वर एकट्याने रचला. तो १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभर गाजला. त्याचे संगीत जॉर्डनचे वडील फ्रान्सिस मेक्नर यांनी केले होते. पुढे जॉर्डनला स्वतःच्या मूळ लिखाणाची प्रत कुठेच सापडेना. २०१२ मध्ये वडिलांनी घरातले कपाट आवरताना एक खोका बाहेर काढला. आत जुन्या फ्लॉपी. संगणक-इतिहास जपणारे जेसन स्कॉट आणि ॲपल-२ चे जाणकार टोनी डियाझ जुनी यंत्रे घेऊन जॉर्डनच्या घरी आले. वीस वर्षांहून अधिक काळ बंद असलेला मजकूर वाचला गेला आणि जॉर्डनने तो साऱ्या जगासाठी खुला केला. वडिलांनी तो खोका रद्दीत टाकला असता तर?

चित्रकार अँडी वॉरहॉल यांचेही तसेच. १९८५ मध्ये कमोडोर कंपनीच्या अमिगा संगणकावर त्यांनी काही चित्रे काढली होती. त्या फ्लॉपी पिट्सबर्गच्या वॉरहॉल संग्रहालयात जपून ठेवलेल्या होत्या, पण चित्रे कुणाला दिसत नव्हती. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणक मंडळातल्या हौशी मंडळींनी फ्लॉपीवरचे ठोके जसेच्या तसे टिपले, मग चित्रांची अनोळखी मांडणी उलगडली. २०१४ मध्ये ती चित्रे जगापुढे आली. वॉरहॉल १९८७ मध्येच वारले होते.

इथे खरी अडचण लक्षात येते. फ्लॉपीवरचा लेप कायमचा नाही. चुंबकाच्या खुणा फिकट होतात, दमट हवेत बुरशी धरते, लेप सुटू लागतो. कागद पिवळा पडला तरी वाचता येतो. फ्लॉपी एकदा गेली की गेली. आणि तबकडी शाबूत असूनही ती वाचणारा दुभाषी उरला नाही, तर ती असून नसल्यासारखीच. घरातल्या वृद्ध आजीची बोली कळणारे शेवटचे माणूस गेले, की तिच्या ओव्या कानावर पडूनही समजत नाहीत, तसे.

सोंगाचा उपयोग

खेळ आणि चित्रांपलीकडेही याचा उपयोग आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या भुयारी रेल्वेची नियंत्रण व्यवस्था १९९८ पासून सव्वापाच इंची फ्लॉपीवर सुरू होत आली. ती बदलण्याचा करार २०२४ मध्ये मंजूर झाला. जपान सरकारने आपल्या हजाराहून अधिक नियमांतली फ्लॉपीची सक्ती काढली तीही २०२४ मध्येच. भरतकामाची कितीतरी यंत्रे नक्षी फ्लॉपीवरून घेत. त्यांच्यासाठी निघालेले 'गोटेक' नावाचे स्वस्त उपकरण फ्लॉपीच्या जागी पेन ड्राइव्ह लावू देते. हौशी मंडळींनी त्याच उपकरणासाठी 'फ्लॅशफ्लॉपी' हा मोफत प्रोग्रॅम लिहून ते शेकडो जुन्या संगणकांना आणि वाद्यांना जोडले. कारखान्यातली वस्तू छंदात आली आणि छंदातली सुधारणा पुन्हा कारखान्यात गेली.

भारताशीही या गोष्टीचे नाते आहे. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने निवडक शाळांत संगणक पोचवण्यासाठी 'क्लास' हा प्रकल्प सुरू केला. त्यासाठी निवडला होता ब्रिटनचा बीबीसी मायक्रो. आज पन्नाशीत असलेल्या अनेक भारतीयांनी आयुष्यातला पहिला प्रोग्रॅम त्याच्यावर लिहिला. त्या संगणकालाही आज मेमरी कार्ड जोडता येते.

या साऱ्यातून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. ॲपल-२ आज जिवंत ठेवता येतो, याचे एक कारण म्हणजे कंपनीने त्याचे विद्युत आराखडे माहितीपुस्तकातच छापले होते. जिम सॅदर यांनी १९८३ मध्ये त्या संगणकावर जाडजूड पुस्तक लिहून त्याचे अंतरंग उलगडून ठेवले होते. ज्यांनी आपली विद्या झाकून ठेवली, त्यांची यंत्रे त्यांच्याबरोबरच संपत चालली आहेत. ज्यांनी ती लिहून ठेवली, त्यांची यंत्रे परक्यांच्या हातांनीही पुन्हा उभी राहतात.

तेव्हा दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावर फ्लॉपींचा डबा सापडला, तर तो लगेच भंगारवाल्याला देऊ नये. त्यात एखाद्या वडिलांनी टंकलेली पत्रे असतील, एखाद्या बहिणीचा प्रबंध असेल. बुरशी दिसत असेल तर फ्लॉपी यंत्रात घालू नये. यंत्राचे डोकेही खराब होते आणि लेपही खरवडला जातो. साडेतीन इंची फ्लॉपीची कोपऱ्यातली खिडकी उघडी ठेवावी आणि सव्वापाच इंचीची खाच चिकटपट्टीने झाकावी, म्हणजे चुकून तिच्यावर काही लिहिले जाणार नाही. कोरड्या जागी ठेवावी, चिठ्ठीवर कुणाची व कोणत्या वर्षाची ते लिहावे आणि जाणत्या माणसाला दाखवावी. मजकूर निघाला तर त्याच्या दोन प्रती कराव्यात. आणि प्रत काढण्याआधी कोरी कोणती, भरलेली कोणती, हे मात्र दोनदा पाहावे. ते वॉझनियाक यांनाही चुकले होते.